लॅपटॉपची बिजागरी करकरते, घट्ट झाली आहे: तेल घालावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लॅपटॉप सहा वर्षांचा. पावसाळ्यापासून झाकण उघडताना किर्र आवाज येतो. डावी बाजू उजवीपेक्षा घट्ट लागते आणि झाकण उचललं की खालचा भागही टेबलावरून उचलला जातो. आई म्हणते, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोड. मित्र म्हणतो, डब्ल्यूडी-४०चा स्प्रे मार. घरच्या घरी नेमकं काय करावं?

आज रात्री काहीच घालू नका. तेलही नको, स्प्रेही नको. आधी दहा मिनिटं फक्त बघा आणि ऐका. कसं बघायचं ते पुढे सांगतो.

मी रत्नागिरीत १८ वर्षं लॅपटॉप दुरुस्त करतोय. खारी हवा, चार महिने पाऊस, त्यामुळे बिजागरीच्या तक्रारी माझ्याकडे भरपूर येतात. झाकणाचा कोपरा फुटलेला लॅपटॉप टेबलावर येतो तेव्हा गिऱ्हाईक म्हणतं, "बिजागरी मोडली." उघडून बघितलं तर बहुतेक वेळा बिजागरी धडधाकट असते. ती घट्ट झालेली असते आणि तिला धरून ठेवणारं प्लास्टिक उखडलेलं असतं. हे उखडणं एका दिवसात होत नाही. आधी काही महिने झाकण जड लागत असतं, आवाज येत असतो. तुम्ही आत्ता त्या टप्प्यावर आहात, म्हणून हे उत्तर जरा लांबवून लिहितो.

दाराची बिजागरी आणि लॅपटॉपची बिजागरी यांचं काम वेगळं आहे. दार हलकं फिरावं एवढीच आपली अपेक्षा असते, म्हणून तिथे तेल सोडलं की झालं. लॅपटॉपचं झाकण मात्र आपण जिथे सोडू तिथे उभं राहायला हवं. शाळेतला कंपास आठवा. त्याच्या डोक्यावरचा स्क्रू नीट आवळलेला असेल तर वर्तुळ गोल येतं, सैल असेल तर पाय फाकतात आणि रेघ भलतीकडे जाते. लॅपटॉपची बिजागरी ही कंपासच्या जातीची आहे. तिच्यातलं घर्षण हा दोष नाही, त्या घर्षणासाठीच ती बनवलेली आहे.

आत रचना साधी असते. एक पोलादी दांडा, त्याच्या बाजू सपाट केलेल्या. त्यावर ओळीने चकत्या ओवलेल्या. काही चकत्या दांड्याबरोबर फिरतात, काही लॅपटॉपला स्क्रूने बसवलेल्या पट्टीबरोबर जागेवर राहतात. त्यांच्यामागे बशीसारख्या खोलगट स्प्रिंग वॉशर आणि शेवटी एक नट. नट जितका आवळला तितक्या चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात. दुसरा प्रकार म्हणजे दांड्याभोवती पोलादी पट्टी घट्ट गुंडाळलेली. त्यात नट नसतो. दोन्ही प्रकारांत कारखान्यातच घट्ट ग्रीस भरलेलं असतं. घर्षण सगळ्या फिरण्यात एकसारखं राहावं आणि धातूने धातूला खाऊ नये, एवढ्यासाठी ते ग्रीस असतं.

वर्षांनी हे ग्रीस वाळतं, धुळीने चिकट होतं किंवा दाबाने बाजूला सरकतं. मग दोन कोरडे पृष्ठभाग एकमेकांना धरतात, सुटतात, पुन्हा धरतात. हे सेकंदाला शेकडो वेळा झालं की आपल्याला किर्र ऐकू येतं. सारंगीच्या गजाला राळ लावतात ती हीच धर-सोड व्हावी म्हणून. तिथे सूर निघतो, इथे किरकिर.

एकाच बाजूची बिजागरी आधी का घट्ट होते, हे मला बरेच जण विचारतात. पुष्कळ मॉडेलमध्ये पंख्याची गरम हवा बिजागरीच्या अगदी शेजारून बाहेर जाते. रोज तासन् तास गरम हवा लागली की त्या बाजूचं ग्रीस आधी सुकतं. तुमच्या लॅपटॉपची जाळी डावीकडे असेल तर कारण तिथेच सापडेल. दुसरं कारण सवयीचं. एका हाताने, एकाच कोपऱ्याला धरून झाकण उचललं की झाकण पिळलं जातं आणि दोन बिजागऱ्यांवर सारखा भार येत नाही.

आता ती दहा मिनिटांची तपासणी. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, टेबलावर ठेवा. डोळे बिजागरीच्या पातळीवर आणा आणि डाव्या कोपऱ्याकडे बाजूने बघत झाकण अगदी सावकाश चार बोटं हलवा. स्क्रीनभोवतीची चौकट आणि मागचं झाकण यांच्यामध्ये फट उघडते का? कीबोर्डचा भाग आणि तळ यांच्यात, मागच्या कोपऱ्याशी, फट पडते का? केसाएवढी फट जरी हलताना उघडमीट करत असली तरी आतलं प्लास्टिक सुटलं आहे असं समजा. मग ही तेला-ग्रीसची गोष्ट उरत नाही.

फट नसेल तर आवाज कुठला ते शोधा. बारीक, धातूचा, सलग किर्र आवाज असेल तर तो बिजागरीचा. मधूनच कट् असा एक आवाज येत असेल तर सैल स्क्रू किंवा तडा. करकर असा कोरडा, पापड मोडल्यासारखा आवाज असेल तर तो बहुतेक प्लास्टिकचा. बिजागरीवर जी लहान टोपी असते ती चौकटीला घासते. ती टोपी अंगठ्याने दाबून धरा आणि पुन्हा झाकण हलवा. आवाज बदलला किंवा थांबला तर चोर सापडला. गॅरेजवाले इंजिनचा आवाज ऐकताना लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर आणि मूठ कानाला लावतात, तसंच इथेही करता येतं. टोक टोपीवर हलकेच टेकवा. कुठल्या बाजूने आवाज येतो हे कानाला स्पष्ट कळतं.

आणखी एक गोष्ट बघाच. लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवल्यावर डगमगतो का? टचपॅड वर आल्यासारखा दिसतो का, त्याचं बटण दाबायला कठीण झालंय का? तसं असेल तर आतली बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे. फुगलेली बॅटरी वरचा भाग उचलते, झाकण नीट मिटत नाही आणि सगळं बिजागरीच्या माथी मारलं जातं. अशा बॅटरीला घरी हात लावू नका. स्क्रूड्रायव्हरने उचकटताना ती फाटली तर पेट घेऊ शकते. चार्जिंग थांबवा आणि लॅपटॉप थेट दुरुस्तीला न्या.

आता तेलांविषयी. आई सांगतात ते अनुभवाने सांगतात, शिलाई मशीनला ते तेल उत्तमच असतं. पण ते फार पातळ. मशीनमध्ये ते वरचेवर घालायचं असतं आणि खाली गळलं तरी चालतं. लॅपटॉपमध्ये ते गळून जातं कुठे? एका बाजूला स्क्रीनच्या खालच्या कडेत, दुसऱ्या बाजूला मदरबोर्डकडे. आणि चकत्यांमध्ये पुरेसं शिरलं तर झाकण उभं राहायचं थांबतं.

डब्ल्यूडी-४० बद्दल गैरसमज फार आहे. ते १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोला तयार झालं. नावातलं डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणं, आणि ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं मिश्रण. धातूवरचा ओलावा हटवून गंज रोखणं हे त्याचं मूळ काम. गंजलेला नट सोडवायला मी ते आजही वापरतो. पण त्यात मोठा भाग उडून जाणाऱ्या द्रावकाचा असतो. ते बिजागरीत मारलं की आधी उरलंसुरलं जुनं ग्रीस विरघळून वाहून जातं. एक-दोन आठवडे आवाज बंद, आपण खूश. मग द्रावक उडतो, मागे पातळ थर राहतो, आणि दाबाखाली तो थर टिकत नाही. बिजागरी पहिल्यापेक्षा कोरडी होते. शिवाय स्प्रेची फवार बारीक नळीतूनही कुठवर जाते ते दिसत नाही.

धंद्यात नवा असताना मी हे केलं आहे. एका विद्यार्थ्याचा लॅपटॉप होता, उद्या परीक्षेचा प्रोजेक्ट द्यायचा म्हणून घाईत होता. मी झाकण न खोलता बिजागरीच्या फटीत स्प्रे मारला, आवाज गेला, तो आनंदाने घेऊन गेला. चार दिवसांनी परत आला तेव्हा स्क्रीनच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात ढगासारखा डाग पडला होता. स्क्रीनच्या मागे प्रकाश पसरवणाऱ्या पातळ पारदर्शक चादरी एकावर एक असतात. त्यांच्यामध्ये तेल केशनळीसारखं वर चढतं आणि मग काही केल्या निघत नाही. मी पदरचे पैसे घालून पॅनल बदलून दिलं. तेव्हापासून माझ्या दुकानात लॅपटॉपजवळ स्प्रेचा डबा येत नाही.

स्क्रीनच्या डागापेक्षा मला प्लास्टिकची काळजी जास्त वाटते, कारण ती हानी दिसत नाही. लॅपटॉपचं अंग बहुधा एबीएस किंवा पॉलिकार्बोनेट मिसळलेल्या प्लास्टिकचं असतं. असं प्लास्टिक ताणाखाली असताना त्याला काही तेलं आणि द्रावकं लागली की बारीक तडे जातात. आणि लॅपटॉपमध्ये सर्वांत जास्त ताणाखाली असलेलं प्लास्टिक कुठलं? बिजागरीचे स्क्रू ज्यात बसतात ते खुंट. म्हणजे बिजागरीतून पाझरलेलं तेल नेमकं तिथेच पोचतं जिथे ते पोचायला नको. थिनर आणि ॲसिटोन असलेलं नेलपॉलिश रिमूव्हर तर एबीएस विरघळवतंच, ते सफाईलासुद्धा वापरू नका.

खोबरेल तेल घातलेले लॅपटॉपही येतात. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, हिवाळ्यात बाटलीत आपण बघतोच. वर काही महिन्यांत ते चिकट होतं आणि धूळ धरतं. तोच प्रकार स्वयंपाकाच्या कुठल्याही तेलाचा. कुलपाला पेन्सिलीचं शिसं घासतात म्हणून इथेही घासावं असं काहींना सुचतं. शिसपेन्सिलीत ग्राफाइट असतं आणि ग्राफाइटमधून वीज वाहते. त्याची पूड मदरबोर्डवर पडू देऊ नका.

मग घालायचं काय? धातूवर धातू घासत असेल तर घट्ट ग्रीस, अगदी थोडं. हार्डवेअरच्या दुकानात पांढरं लिथियम ग्रीस लहान ट्यूबमध्ये मिळतं. टेफ्लॉन मिसळलेलं आणि प्लास्टिकला चालतं असं पाकिटावर लिहिलेलं कृत्रिम ग्रीस मिळालं तर अधिक चांगलं. सिलिकॉन ग्रीस लोक सर्रास सुचवतात, पण ते प्लास्टिक आणि रबराचं औषध आहे. पोलाद पोलादावर दाबून घासत असेल तिथे त्याचा थर टिकत नाही. म्हणून टोपी चौकटीला घासत असेल तर सिलिकॉन, चकत्या घासत असतील तर लिथियम, असा मी हिशेब ठेवतो. गॅरेजमधलं पिवळं-तपकिरी एपी-३ ग्रीस नाइलाजाने चालेल, पण ते प्लास्टिकला लागू न देता.

घरी काम करणार असाल तर आधी तुमच्या मॉडेलचा उघडण्याचा व्हिडिओ पूर्ण बघा. नेमकं तेच मॉडेल, त्याच कंपनीचं दुसरं नाही. एकाच नावाच्या दोन वर्षांच्या लॅपटॉपमध्ये स्क्रूच्या जागा वेगळ्या असतात. टचस्क्रीन असेल, चौकटीऐवजी कडेपर्यंत काच असेल, किंवा झाकण पूर्ण उलटं फिरणारं असेल तर इथेच थांबा. ती काच चिकटवलेली असते आणि घरी काढताना फुटते.

साधा लॅपटॉप असेल तर सामान फार लागत नाही. फुलीच्या तोंडाचा बारीक स्क्रूड्रायव्हर, दुकानात त्याला स्टारच म्हणतात. एखादं जुनं एटीएम कार्ड. कानात घालायच्या कापसाच्या काड्या, टूथपिक, आयसोप्रोपिल अल्कोहोलची लहान बाटली, जुना सुती रुमाल. आणि एक कोरा कागद, तो सगळ्यात महत्त्वाचा. कागदावर लॅपटॉपच्या तळाची आकृती काढा आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच कागदावर चिकटपट्टीने लावा. स्क्रू दिसायला सारखे असले तरी लांबीत फरक असतो. लांब स्क्रू आखूड जागी बसवला की तो वरच्या भागाला आतून टोचतो आणि कीबोर्डशेजारी फोड उठल्यासारखा उंचवटा येतो. हे मी नव्या मुलांकडून दरवर्षी बघतो.

तळाचे स्क्रू काढा. रबरी पायांखाली एखाददुसरा लपलेला असतो, तो विसरून कार्ड घालून उचकटलं की कड तुटते. तळ निघाला की पहिलं काम बॅटरीची जोडणी सोडवणं. त्यानंतर पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरा. मग बाकीचं.

आता दोन्ही बिजागऱ्यांची खालची पट्टी दिसेल, प्रत्येकीला दोन-तीन स्क्रू. इथे थांबून प्रत्येक स्क्रू हाताने तपासा. सैल आहे का? माझा अनुभव असा की आवाजाच्या तक्रारींतल्या बऱ्याच जणांचं काम इथेच संपतं. स्क्रू अर्धा फेरा सुटलेला असतो, पट्टी हलते, तिचा आवाज होतो. आवळताना जोर लावू नका. स्क्रू पितळेच्या लहानशा आटेदार नटमध्ये बसतो आणि तो नट प्लास्टिकच्या खुंटात गरम करून रुतवलेला असतो. जास्त आवळला तर स्क्रू फिरायच्या ऐवजी नटच खुंटातून वर ओढला जातो. स्क्रू टेकला, बोटांना अडला, की एवढंसं फिरवून सोडा.

खुंटांभोवती पांढरी रेष दिसते का बघा. ती तड्याची सुरुवात. प्लास्टिकचा चुरा पडला असेल तर खुंट फुटला आहेच.

सगळं शाबूत असेल तर ग्रीसकडे वळा. झाकण काटकोनात ठेवा, बिजागरीच्या शेजारच्या सगळ्या भागावर कोरडा कागद पसरवा. स्क्रीनची केबल आणि वायफायचे बारीक तार बहुतेक वेळा बिजागरीला लगटूनच वर जातात. ते हलक्या हाताने बाजूला करा पण ओढू नका. झाकण हलवताना स्क्रीन लुकलुकत असेल तर ती केबल खराब होत चालली आहे, ग्रीसने ते थांबणार नाही.

कापसाच्या काडीला अल्कोहोल लावा, काडी ओली हवी पण ठिबकता कामा नये. चकत्यांच्या कडेला जमलेलं जुनं ग्रीस पुसून काढा. काळं निघालं तर त्यात झिजलेल्या धातूची पूड आहे, तेवढं चालतं. लालसर तपकिरी निघालं तर गंज आहे. आमच्याकडे किनारपट्टीवर हे नेहमीचं. मुंबई, अलिबाग, मालवण, पणजीकडच्या वाचकांनी विशेष बघावं. गंज वरवर असेल तर पुसला जातो. चकत्यांच्या आतपर्यंत गेला असेल तर बिजागरी बदलणंच बरं.

अल्कोहोल पूर्ण वाळू द्या. मग टूथपिकच्या टोकावर मोहरीएवढं ग्रीस घ्या. खरंच मोहरीएवढं, वाटाण्याएवढं नाही. ते चकत्यांच्या फटीवर लावा आणि झाकण दोन्ही हातांनी, मधोमध धरून, अगदी सावकाश पूर्ण उघडा, पूर्ण मिटा. असं वीसेक वेळा. ग्रीस दाबाने आत ओढलं जातं. बाहेर आलेलं पुसा. वाटलं तर आणखी एक मोहरी. दोन्ही बाजूंना सारखंच करा, जी बाजू ठीक वाटते तिलासुद्धा. एक मोकळी आणि एक घट्ट राहिली तर झाकण प्रत्येक वेळी पिळलं जातं आणि स्क्रीनच्या काचेवर ताण येतो.

पट्टी गुंडाळलेल्या प्रकारात ग्रीस आत जायला वेळ लागतो. लावून झाकण थोडं हलवा, अर्धा तास राहू द्या, पुन्हा हलवा. घाई केली तर ते नुसतं बाहेरच पसरतं.

काही मॉडेलमध्ये चकत्या झाकणाच्या बाजूला असतात आणि चौकट काढल्याशिवाय दिसत नाहीत. जुन्या लॅपटॉपची चौकट खटक्यांवर बसवलेली असते, नखाने निघते. अलीकडच्या बऱ्याच चौकटी दुतोंडी चिकटपट्टीने लावलेल्या असतात. हेअर ड्रायरने थोडी ऊब दिली की पट्टी सैल होते, पण स्क्रीनला चटका लागेल इतकी नको. बोटं स्क्रीनवर टेकवून दाबू नका. कार्ड चौकटीखालीच ठेवा, स्क्रीनच्या कडेत घुसू देऊ नका.

ग्रीस घालूनही झाकण घट्टच राहिलं तर नटाकडे जायचं. इथे मी फार सावधपणे लिहितो, कारण हे जमलं तर लॅपटॉपचं आयुष्य वाढतं आणि बिघडलं तर बिजागरीच नवी लागते. नटावर आणि दांड्यावर मार्करने एकच सरळ रेष ओढा. बारीक पान्याने नट एका फेऱ्याचा आठवा भाग सोडवा, तेवढाच. झाकण हलवून बघा. पुन्हा आठवा भाग. एकूण पाव ते अर्ध्या फेऱ्याच्या पुढे मी सहसा जात नाही. दुसऱ्या बाजूचा नट मात्र ती बाजूही घट्ट असेल तरच सोडवा. काही बिजागऱ्यांत दांड्याचं टोक ठोकून नट कायमचा बसवलेला असतो. तो पान्याला दाद देत नसेल तर जोर करू नका, आटे जातात.

किती सैल हवं? बंद लॅपटॉप टेबलावर ठेवून झाकणाच्या मधोमध दोन बोटांनी उचला. थोडं वर गेल्यावर खालचा भाग जागेवर राहायला हवा. हलक्या वजनाच्या काही लॅपटॉपमध्ये नवेपणीही तळ उचलला जातो, म्हणून तुमचा लॅपटॉप नवा असताना कसा होता ते आठवा. मग झाकण मागे झुकवून टेबलावर मुठीने हलका ठोका द्या. झाकण घसरलं तर जास्त सैल झालं, नट अर्धं पाऊल परत आवळा. एसटीत किंवा गाडीत मांडीवर घेऊन काम करणारे असाल तर थोडं घट्टच ठेवा, खड्ड्यांत झाकण आपोआप पडायला नको.

लॅपटॉप पुन्हा जोडतानाची एक गोष्ट पुष्कळ जण चुकवतात. बिजागरीचे स्क्रू काढले असतील तर सगळे आधी सैलच लावा. झाकण सावकाश एकदा उघडा-मिटा, म्हणजे बिजागरी आपली जागा घेते. मग आवळा. एक स्क्रू पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलात तर पट्टी तिरकी बसते आणि ताण पुन्हा त्याच खुंटांवर येतो. बॅटरीची जोडणी शेवटी.

खुंट फुटलेले निघाले तर ग्रीस बाजूला ठेवा. फेविक्विकने पितळी नट चिकटवून देणारे आहेत, पण नुसता तो सांधा ठिसूळ असतो आणि बिजागरीचा पीळ त्याला सोसत नाही. आम्ही नट जागेवर धरून भोवती दोन भागांची इपॉक्सी, अरल्डाइट किंवा एम-सील, भरतो आणि एक पूर्ण दिवस सुकू देतो. मात्र त्याआधी बिजागरी मोकळी करून घेतो. हे आधी केलं नाही तर नवा सांधाही त्याच पिळाने उखडतो. कोपराच उडाला असेल तर तो पूर्ण भाग बदलावा लागतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत विचारताना "ए पार्ट" म्हणा म्हणजे मागचं झाकण, "सी पार्ट" म्हणजे कीबोर्डभोवतीचा वरचा भाग, "डी पार्ट" म्हणजे तळ. स्क्रीनची चौकट "बी पार्ट". मॉडेलचा नंबर तळाच्या स्टिकरवरून लिहून न्या, आणि जुनी बिजागरी सोबत न्या. डावी-उजवी आणि पट्टीवरची भोकं जुळवूनच घ्या, फोटोवरून घेतलेली बरेचदा बसत नाही.

गुंतागुंत नको वाटत असेल तर दुकानात द्या, त्यात कमीपणा काही नाही. फक्त सांगताना "आवाज येतोय, तेल मारून द्या" असं सांगू नका. "डावी बिजागरी घट्ट आहे, उघडून ग्रीस करा, स्क्रू आणि खुंट तपासा, दोन्ही बाजू सारख्या करून द्या" असं सांगा. आणि काम झाल्यावर तुमच्यासमोर झाकण हलवून दाखवायला सांगा.

तुमच्या बाबतीत आज रात्रीपुरतं सांगतो. डाव्या कोपऱ्याची फट बघा. फट नसेल तर रविवारी निवांत वेळ काढून वर लिहिलेलं करा, तोवर झाकण दोन्ही हातांनी मधोमध धरूनच उघडा. फट दिसली तर लॅपटॉप मिटू नका. आत्ता ज्या कोनात उघडा आहे तसाच राहू द्या, काम अडलं असेल तर तसंच करा, महत्त्वाच्या फाइल पेनड्राइव्हवर काढून ठेवा. दुकानात नेतानाही तो उघडाच, तळाला हात देऊन, गाडीच्या सीटवर उशीत ठेवून न्या. माझ्याकडे येणाऱ्यांतले बरेच कोपरे दुकानाच्या वाटेवर, "नीट बंद करून बॅगेत घातला" तेव्हाच तुटलेले असतात.